पहिला नग मशीनवर चढण्याआधी: कोकणातल्या छोट्या मशीन शॉपसाठी एफएआयचं नियोजन

माझ्या टेबलावर कागद दाबायला एक ब्रॅकेट ठेवलेला आहे. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा, वर हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा काळपट राखाडी थर (धातूच्याच पृष्ठभागावर विजेने तयार केलेला कठीण ऑक्साइड). त्याची एकूण एक मापं ड्रॉइंगमध्ये बसतात. तो मशीनवरून उतरला तेव्हा आमचा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) म्हणाला होता, "सर, नग एकदम बेस इलो." खरंच बेस होता. मग अ‍ॅनोडायझिंग होऊन परत आल्यावर मी रिपोर्ट भरायला बसलो आणि ड्रॉइंगच्या डाव्या कोपऱ्यातली सातवी टीप वाचली: मशिनिंगनंतर आणि फिनिशिंगच्या आधी फ्लोरोसंट पेनिट्रंट तपासणी, म्हणजे चमकणारा द्रव लावून पृष्ठभागावरच्या बारीक चिरा शोधणं. आम्ही ती केलीच नव्हती. थर चढल्यावर खालची बारीक चीर पेनिट्रंटला सापडत नाही. थर उतरवावा, तर तो मुळात अ‍ॅल्युमिनियममधूनच तयार झालेला असतो. तो निघाला की धातूही गेला आणि बोअर (नगातलं गोल छिद्र) मोठा झाला. नग बाद झाला, ग्राहकाला दिलेली तारीख हुकली. टीप मात्र पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

कुडाळ, रत्नागिरी, महाड या पट्ट्यातल्या एमआयडीसीत दोन-तीन सीएनसी मशीनं घेऊन विमानाच्या सुट्या भागांची कामं धरू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ऑटोमोबाइलचं काम केलेल्यांना एफएआय म्हणजे "पहिला नग मोजा, कागद भरा, पाठवा" असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

एफएआय म्हणजे फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, पहिल्या नगाची संपूर्ण तपासणी. त्याचं स्टँडर्ड एएस ९१०२. युरोपात तेच ईएन ९१०२ म्हणून चालतं. त्याची सध्याची सी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यात तीन फॉर्म आहेत. फॉर्म एकमध्ये नग कोणता, ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनचा (सुधारित आवृत्तीचा), त्यात कुठले उपभाग आहेत ते येतं. फॉर्म दोनमध्ये माल, स्पेशल प्रोसेस आणि फंक्शनल टेस्ट. फॉर्म तीनमध्ये ड्रॉइंगवरची प्रत्येक मागणी आणि तिच्यासमोर प्रत्यक्ष निकाल. नग पहिल्या प्रॉडक्शन रनमधला हवा, आणि पुढची ऑर्डर ज्या मशीनवर, ज्या प्रोग्रामने, ज्या क्रमाने होणार त्याच पद्धतीने बनलेला हवा. कसबी माणसाने मिलिंग मशीनवर हाताने घडवलेला नमुना कितीही देखणा असला तरी इथे चालत नाही. तपासणी होते ती तुमच्या पद्धतीची. नग फक्त साक्षीदार.

सगळे फॉर्म तीनच्या मागे धावतात, कारण त्यात आकडे असतात. घात करतो तो फॉर्म दोन.

कोटेशनच्या आधी बलून

ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मागणीला गोल करून नंबर द्यायचा, याला बलूनिंग म्हणतात. बहुतेक शॉपमध्ये हे काम नग तयार झाल्यावर होतं. आम्ही आता ते चौकशी आली की, भाव द्यायच्या आधी करतो. अर्धा दिवस जातो. ऑर्डर नाही मिळाली तर तो फुकट गेला असं समजा. पण सातव्या टिपेने आमचे त्याहून कितीतरी जास्त दिवस खाल्ले होते.

सुरुवात मापांपासून करू नका. टिपांपासून करा. डोळा आपोआप मापांकडे जातो, म्हणून टिपा आधी संपवायच्या. "धारदार कडा ०.२ ते ०.५ मिमी मोडाव्यात" ही टीप असेल तर तिला नंबर. नगावर पार्ट नंबर कुठे आणि कशाने कोरायचा, त्याला नंबर. न दाखवलेल्या फिलेटची (आतल्या गोलसर कोपऱ्याची) त्रिज्या, सरफेस फिनिश, मटेरियलची ओळ, टायटल ब्लॉकमधले सर्वसाधारण टॉलरन्स (मापात चालणारी कमीजास्त), सगळं वाचायचं. मग मापं, थ्रेड, आणि शेवटी जिऑमेट्रिक टॉलरन्स (सपाटपणा, काटकोन, जागा यांच्या मर्यादा).

एक छिद्र चार ठिकाणी असेल तर? चारही मापं वेगळी लिहिता येतात, किंवा एकाच ओळीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माप देता येतं. मात्र चारातलं एक जरी बाहेर गेलं तर त्याची वेगळी ओळ आणि त्याचं माप लिहावंच लागतं. मी पहिल्यापासून चार ओळी करतो. कागद वाढतो, पण पुढे वाद होत नाही.

ड्रॉइंगवर एखाद्या स्पेसिफिकेशनचा नुसता नंबर असला की लोक तो नकलून पुढे जातात. तो दस्तऐवज मागवा आणि वाचा. त्याच्या पोटात आणखी दोन स्पेसिफिकेशनं निघतात, आणि त्यातल्या एकात टेस्ट पीस लागतो असं लिहिलेलं असतं. तो टेस्ट पीस त्याच मालातून कापायचा असतो. म्हणजे बार मागवतानाच तेवढी लांबी जादा हवी.

आणि हल्ली एक नवी गंमत. ड्रॉइंगवर मोजकीच मापं, बाकी सगळं त्रिमिती मॉडेलमध्ये. कोपऱ्यात एक ओळ असते की आकार मॉडेलप्रमाणे. मग पृष्ठभागावरचे किती बिंदू घ्यायचे, प्रोफाइल (पृष्ठभागाचा आकार) कसं तपासायचं, हे ग्राहकाकडून आधी लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, चालेल" हे ऑडिटमध्ये दाखवता येत नाही.

फॉर्म दोन आधी भरायला घ्या

रिकामा फॉर्म दोन समोर ठेवा आणि आजच भरायला लागा. जी ओळ आज भरता येत नाही, ती तुमची अडचण आहे आणि ती महिनाभराने कळण्यापेक्षा आज कळलेली बरी.

पहिली ओळ मालाची. ७०७५ हा मिश्रधातू टी६५१ या टेंपरमध्येही (उष्णोपचाराने आणलेली धातूची अवस्था) मिळतो आणि टी७३५१ मध्येही. दुकानदार सांगतो, "एकच असतं ओ, घेऊन जा." एकच नसतं. टी७३ प्रकारात थोडी ताकद सोडून स्ट्रेस कोरोजनला (ताण आणि गंज मिळून पडणाऱ्या चिरांना) जास्त दाद न देणारा धातू मिळवलेला असतो. डिझाइन करणाऱ्याने तो टेंपर विचार करून लिहिला आहे. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय बदल नाही, "वरचढ" मालाचाही नाही. मिल सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातू ज्या खेपेत वितळवून ओतला तिचा नंबर) आणि बारवरचा शिक्का जुळतो का, हे माल टेंपोतून उतरतानाच बघा. बार कापल्यावर शिक्का ज्या तुकड्यावर राहतो तो भंगारात गेला, की बाकीचा माल अनाथ. आमच्याकडे स्टोअरवाला कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर मार्करने नंबर टाकतो. कापल्यानंतर टाकलेला नंबर मी धरत नाही.

दुसऱ्या ओळी स्पेशल प्रोसेसच्या: हीट ट्रीटमेंट, अ‍ॅनोडायझिंग, प्लेटिंग, पेनिट्रंट तपासणी. यांना स्पेशल म्हणतात कारण निकाल नुसता नग बघून कळत नाही, म्हणून प्रक्रिया करणाराच मान्यताप्राप्त हवा. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. त्या कारखान्याकडे नॅडकॅपची, म्हणजे विमान उद्योगाच्या स्पेशल प्रोसेस तपासणाऱ्या योजनेची, मान्यता आहे का, हा एक. तुमच्या ग्राहकाच्या यादीत तो आहे का, हा दुसरा. एकाचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं येत नाही. नॅडकॅप सर्टिफिकेट असेल तर त्याचा स्कोपही उघडून बघा. अ‍ॅनोडायझिंगची मान्यता आहे, पण तुम्हाला हवा तो प्रकार त्यात आहे का? आणि मुदत संपण्याची तारीख काय? तुमचा नग तिथे पोहोचेल त्या दिवशी ती चालू असायला हवी. आजच्या तारखेचा काही उपयोग नाही.

कोकणात याला भूगोलाची जोड आहे. विमानकामाचा मान्यताप्राप्त प्रोसेसर आपल्या शेजारच्या गाळ्यात नसतो. बेळगावजवळ हत्तरगीला विमानभागांसाठीचा विशेष आर्थिक विभाग आहे. नाहीतर पुणं, बंगळूर. म्हणजे नगाला घाट चढायचा आहे. जून ते सप्टेंबर आंबोली, करूळ, फोंडा, आंबा, यांतला कुठला घाट कुठल्या दिवशी दरडीमुळे बंद असेल हे कोणी सांगू शकत नाही. मी पावसाळ्यात जायला एक आणि यायला एक असे दोन दिवस जादा धरतो. आणि नग कधीच उघडा पाठवत नाही. दमट हवेत, टेंपोच्या ताडपत्रीखाली, स्टीलचा नग एका रात्रीत लाल होतो. गंजरोधक कागद, बंद पिशवी, आत सिलिका जेल. अ‍ॅल्युमिनियमलाही बोटांचे ठसे पुरतात. आमच्याकडे मे महिन्यात घामेजल्या हाताने उचललेल्या नगावर ठशाचा डाग राहिलेला मी पाहिलाय.

प्रोसेसरला दिलेल्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) नुसतं "अ‍ॅनोडायझिंग करणे" लिहून भागत नाही. ड्रॉइंगवरचं स्पेसिफिकेशन, त्याची रिव्हिजन, प्रकार, थराची जाडी, झाकायच्या जागा आणि सर्टिफिकेटवर काय काय छापून हवं, हे सगळं त्यावर लिहा. सर्टिफिकेटवर रिव्हिजन नसेल तर फॉर्म दोनची ती ओळ अर्धवट राहते, आणि नग परत आल्यावर दुरुस्त सर्टिफिकेट मागत बसावं लागतं. त्या फोनाफोनीत आमचे एकदा नऊ दिवस गेले होते.

थराचा हिशेब

आता एक उदाहरण नीट बघू, कारण एफएआयमध्ये सर्वांत जास्त नग मी इथेच अडकलेले पाहिले आहेत.

ड्रॉइंगवर २० मिमीचा एच७ बोअर आहे. म्हणजे २०.००० ते २०.०२१. हार्ड अ‍ॅनोडायझिंग ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कमीजास्त ५. आणि टीप सांगते की मापं फिनिशिंगनंतरची. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूच्या आत शिरतो आणि निम्मा बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनचा थर असेल तर प्रत्येक भिंतीवर २५ मायक्रॉन वाढ, बोअरला भिंती दोन, म्हणून व्यास ५० मायक्रॉनने कमी होतो.

मग मशीनवर बोअर २०.०५० ते २०.०७१ ठेवायचा? इथेच फसगत आहे. थर ४५ असेल तर व्यास ४५ ने घटतो, ५५ असेल तर ५५ ने. थर जाड आला तरी बोअर २०.००० च्या खाली जाता कामा नये, म्हणून आधीचं माप किमान २०.०५५. थर पातळ आला तरी २०.०२१ च्या वर जाता कामा नये, म्हणून कमाल २०.०६६. कागदावर २१ मायक्रॉन मोकळीक दिसत होती, ऑपरेटरच्या वाट्याला ११ आली. तुमचं मशीन, तुमचं टूल, ११ मध्ये रोज टिकेल का? नसेल टिकत तर बोअर झाकून अ‍ॅनोडायझिंग चालेल का, किंवा नंतर होनिंग (घासदगडाने बोअर बारीक घासणं) चालेल का, हे कोटेशनच्या वेळीच ग्राहकाला विचारायचं. बलून आधी केलेले असतात त्याचा खरा फायदा हा.

हे आधीचं माप रूट कार्डवर (नगासोबत फिरणाऱ्या, कामांचा क्रम लिहिलेल्या कागदावर) स्वतंत्र ऑपरेशनची मागणी म्हणून लिहा. सेटरच्या डायरीत लिहून ठेवलं, तर सेटर रजेवर गेला की ते मापही रजेवर.

प्रत्येक बलूनला हत्यार

बलूनची यादी झाली की समोर एक रकाना काढा: हे कशाने मोजणार? प्लग गेज, बोअर गेज, मायक्रोमीटर, सीएमएम (बिंदू घेऊन आकार मोजणारं यंत्र), फिनिश टेस्टर. जिथे उत्तर "बघू" असं येतं तिथे लाल खूण. खास गेज किंवा फिक्स्चर बनवायचं असेल तर त्यालाही नंबर आणि कॅलिब्रेशन (ते अचूक मोजतं का याची तपासणी) लागतं, कारण फॉर्म तीनमध्ये त्याची नोंद होते. ते बनायला नगापेक्षा जास्त दिवस लागू शकतात, म्हणून त्याची ऑर्डर आधी.

काही मागण्या नगाच्या आयुष्यात एकदाच दिसतात. बोअरमध्ये बुश (धातूची नळी) ठोकला की बोअर दिसेनासा झाला. खोल खाच वेल्डिंगने बंद झाली की तिची खोली मोजायची कशी? अशा बलूनभोवती मी चौकोन करतो आणि रूट कार्डवर त्या ऑपरेशननंतर "थांबा, क्वालिटीची सही" असा मुक्काम लिहितो. ही सही राहिली तर नग कापून बघणं एवढाच मार्ग उरतो.

तापमानाबद्दल कोकणात बोलावंच लागतं. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हा जगभरचा नियम आहे. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी ३२ म्हणजे बरा दिवस. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील त्याच्या निम्मं. ३०० मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा नग १२ अंशांनी तापला की सुमारे ८३ मायक्रॉन लांब होतो. तुमचा स्टीलचा मायक्रोमीटरही तापलेला असतो, तो सुमारे ४१ ने वाढतो. म्हणजे बरोबर ३०० असलेला नग ३००.०४ च्या आसपास दिसणार. टॉलरन्स ±०.०५ असेल तर जवळजवळ सगळा उन्हाने खाल्ला. आणि ऑपरेटर बिचारा चांगला नग आणखी कापतो.

मोठी लेथ एसीत ठेवणं छोट्या शॉपला परवडत नाही, पण आठ बाय दहाची मापनखोली परवडते. नग तिथे रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. पहिल्या पावसाच्या वादळात लाइट जाते, एसी बंद पडतो, खोली पुन्हा २० वर यायला वेळ लागतो. त्या दिवशी मापनाचा हट्ट धरू नका. स्लिप गेज आणि प्लग गेज वापरल्यावर पुसून व्हॅसलीन लावून ठेवा. समुद्र दहा किलोमीटरवर असला तरी हवा खारीच असते.

कॅलिब्रेशनच्या तारखा आजच तपासा. नग मोजायच्या आठवड्यातच मायक्रोमीटर एनएबीएल (राष्ट्रीय मान्यता मंडळ) मान्य लॅबकडे गेलेला असणं, हे मी स्वतः केलेलं आहे.

दिनदर्शिका उलटी लावा

ग्राहकाला एफएआय रिपोर्ट द्यायच्या तारखेपासून मागे या. रिपोर्ट तपासायला आणि सह्यांना तीन दिवस. त्याआधी अंतिम मापन. त्याआधी प्रोसेसरकडचा मुक्काम आणि घाटाचे दिवस. त्याआधी मशिनिंग, त्याआधी फिक्स्चर आणि गेज, त्याआधी माल. ग्राहक नेट-इन्स्पेक्टसारख्या ऑनलाइन प्रणालीत रिपोर्ट मागत असेल तर खातं उघडायलाही दिवस लागतात, ते पहिल्या आठवड्यातच उरका.

या दिनदर्शिकेवर गणपती सर्वांत आधी लिहा. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला हे समजावणं कठीण जातं, पण चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून शेडमध्ये कुत्रंही फिरकत नाही. एफएआयचा नग त्या आठवड्यात अर्धा मशीनवर आणि अर्धा रूट कार्डवर लटकत असेल तर परत आल्यावर कुठलं ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) चढवलं होतं हे कोणालाच आठवत नाही. शिमग्याचं तसंच. मी ग्राहकाला ऑर्डर घेतानाच सांगतो, हे आठ दिवस नाहीत. कोणी आजवर ऑर्डर मागे घेतलेली नाही.

पहिल्या रनमध्ये मी तीन नग चढवतो. तिन्ही एकाच प्रोग्रामने, एकाच सेटअपमध्ये. एकाचा रिपोर्ट, दुसरा हाताशी, तिसऱ्याने मला कळतं की पहिला नशिबाने आला की पद्धतीने आला. पूर्ण लॉट आधीच कापून ठेवण्याचा मोह टाळा. पहिला नग सगळ्या प्रोसेस फिरून येईपर्यंत बाकी माल बारच्या रूपात राहू दे.

नग आल्यावर

हे लवकर सांगून संपवतो, कारण वरचं सगळं झालं असेल तर इथे फारसं काही उरत नाही. आकडा जो आला तो लिहा. "ओके" हा निकाल फक्त गो-नोगो गेजसारख्या (बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या) ठिकाणी चालतो. माप बाहेर गेलं तर त्याचा नॉनकन्फॉर्मन्स नंबर (मागणी न पाळल्याच्या नोंदीचा) फॉर्म तीनमध्ये लिहा. एफएआय उघडा राहतो. कारण शोधा, दुरुस्त करा, पुढच्या नगावर त्या मागण्या पुन्हा तपासा. रबरने खोडून २०.०२१ करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती आता विमानाच्या कामात नाहीत.

प्रोग्रामचा नंबर आणि रिव्हिजन रिपोर्टसोबत गोठवा. नंतर प्रोग्राम बदलला, मशीन बदललं, प्रोसेसर बदलला, माल बदलला किंवा नग दुसऱ्या जागी बनू लागला, की ज्या मागण्यांवर परिणाम होतो त्यांच्यापुरता अंशतः एफएआय पुन्हा करावा लागतो. दोन वर्षं त्या नगाचं उत्पादन झालं नाही तरीही एफएआय पुन्हा लागतो. म्हणून रिपीट ऑर्डर आली की भाव सांगायच्या आधी मागचा लॉट कधी निघाला ते बघा. २५ महिने झाले असतील तर एफएआयचा खर्च भावात धरायला हवा.

स्टँडर्डमध्ये आणखी एक कारण लिहिलेलं आहे: उत्पादनावर परिणाम करणारी नैसर्गिक किंवा मानवनिर्मित घटना. इतर ठिकाणचे लोक ती ओळ वाचून पुढे जातात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, महाडला सावित्रीचं. पाण्यात बुडालेलं मशीन धुऊन, वाळवून, ड्राइव्ह बदलून पुन्हा चालू झालं तरी ते कालचं मशीन राहत नाही. स्पिंडल, गाइड-वे, बॉल स्क्रू तपासून भूमिती पुन्हा लावली, की त्या मशीनवर कुठले कुठले नग एफएआय झालेले आहेत याची यादी लागते. ती यादी आज करा: मशीननिहाय, नगनिहाय, एफएआय नंबर आणि तारखेसह. एक प्रत क्लाउडवर, एक प्रत घाटावरच्या कोणा नातेवाइकाच्या घरी. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, मिल सर्टिफिकेटं आणि बलून केलेली ड्रॉइंगंही त्यातच. गेजचा डबा तळमजल्यावरच्या खालच्या कप्प्यात असेल तर मे संपायच्या आधी वरच्या मजल्यावर हलवा.